लाकडी बैलाची खांदशेकणी

बैल नरखेडहून बाबांच्या मांडीवर बसून आला. जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेला, फक्त शिंगं बाहेर. एसटीत शेजारच्या बाईनं म्हणे विचारलं, लेकरू किती महिन्यांचं आहे. बाबांनी दुपट्टा नीट करत सांगितलं, आत्ताच झोपलं, हळू बोला. बाबा हे सांगत होते तेव्हा मेत्ता दाराची चौकट धरून उभी होती आणि दुपट्ट्यात खरोखरच कुणी श्वास घेतंय अशा नजरेनं पाहत होती.

मेत्ता माझी मुलगी. अजून तिला पुरती वाक्यं येत नाहीत, पण बैल येतो. म्हणजे शब्द येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात तान्हा पोळा भरतो, लेकरांचा पोळा. चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुलं मैदानात रांग धरतात, वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, ते तोडलं की पोळा फुटला, आणि मग मुलं बैल ओढत घरोघरी बोजारा मागत फिरतात. कुणी चॉकलेट देतं, कुणी नाणं. मागच्या वर्षी मेत्ता माझ्या कडेवर होती. यंदा ती स्वतःच्या पायांनी दोरी ओढणार होती, आणि बाबांनी तिच्यासाठी बैल कोरून आणला होता. उन्हाळ्यात घरची जोडी विकल्यावर गोठ्यात जू नुसतंच पडून होतं. त्याच लाकडातून हा झाला. एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा. डोळे मात्र असे, की खोलीत कुठंही बसा, तो तुमच्याकडेच पाहतो.

बाबांचं नाव शालिकराम. संत्र्याची बाग, थोडा कापूस, विहिरीवर मोटार. मी धम्मानंदशी लग्न केलं तेव्हा ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आम्ही कुणबी, हे बौद्ध. मेत्ता झाली तेव्हा दवाखान्याच्या पायरीपर्यंत आले आणि पायरीवरच बसून राहिले. आता येतात. मात्र आमच्या घरचं जेवत नाहीत. माझी आई त्यांच्यासोबत डबा देते, बाबा समोरच्या खोलीत बसून तो डबा खातात आणि पथ्य आहे म्हणतात. आम्ही सगळेच त्याला पथ्य म्हणतो. माझ्या सासूबाईही. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या त्या, पथ्य त्यांना चांगलं समजतं.

सासूबाई म्हणजे कांताबाई. नंदनवन भागातल्या आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, कोपऱ्यावर विहार आहे, तिथली रविवारची वंदना त्यांच्या आवाजात सुरू होते. विहाराच्या समोर रस्ता, रस्त्यापलीकडे मैदान. मैदानाच्या भोवती नागरिक मंडळाच्या लोकांची घरं. हे सगळं इतकं जवळ आहे की मंडळाच्या माइकवरची शिट्टी विहारात ऐकू येते आणि विहाराच्या अंगणातली लेकरं मैदानातल्या फुग्यांवर डोळा ठेवून असतात. इतकी वर्षं तान्हा पोळा मैदानात व्हायचा आणि सगळ्यांची पोरं त्यात असायची. धम्मानंद सांगतो, त्याच्या लहानपणी त्याच्या बैलाला एकच चाक होतं, तरी त्याला उत्तेजनार्थ मिळालं होतं.

यंदा मंडळाचे अध्यक्ष चंपतराव यांनी व्हॉट्सॲपच्या गटावर कार्यक्रम टाकला. आधी मंचावर आरती. प्रत्येक मुलानं पूजेचं ताट आणावं. ज्यांच्या बैलाची पूजा झाली त्यांचीच स्पर्धेत नोंद. शेवटी हात जोडलेली तीन चित्रं.

सासूबाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. त्या भांडल्या नाहीत. त्यांच्या दीक्षेत जे आहे ते आहे, पूजा त्या करत नाहीत आणि नातीलाही करू देणार नाहीत. संध्याकाळी विहारातल्या बाया बसल्या आणि ठरलं, की आपला तान्हा पोळा आपण विहाराच्या अंगणात भरवू. त्याच दिवशी, त्याच वेळी.

म्हणजे रस्त्याच्या या बाजूला एक पोळा आणि त्या बाजूला एक. मेत्ताला मांडीवर झोपवताना मला एवढंच दिसत होतं, की पुढच्या वर्षी ती वाक्यात बोलेल, त्याच्या पुढच्या वर्षी विचारेल, आपले कोणते आणि त्यांचे कोणते. बैल तर दोन्हीकडे लाकडाचेच. मला ती ज्या रांगेत उभी राहील ती एकच हवी होती. धम्मानंदला म्हटलं, तर तो म्हणाला, आईला तू सांग. आणि मिहानमधल्या कंपनीत ड्युटीवर निघून गेला.

पोळ्याच्या दुपारी मेत्ताच्या बाजूला मीही लवंडले. सरत्या श्रावणाचं ऊन खिडकीत पिवळं होऊन थांबलेलं. डोळा लागला की काय कोण जाणे, पण मला बैल दिसू लागले. नरखेडच्या बागेतून निघालेले, संत्र्याच्या ओळींतून, रेल्वेच्या पुलाखालून, सीताबर्डीच्या कपड्यांच्या दुकानांवरून, मेट्रोच्या खांबांमधून एकामागून एक. कुणाच्याही अंगावर झूल नाही, कुणाच्या कपाळावर काही नाही. पाय चालत होते पण आवाज चाकांचा येत होता, खडखड, खडखड. रांगेला शेवट नव्हता. मी प्रत्येकाला विचारत होते, तुमचा धनी कोण, आणि ते मान हलवून पुढं जात होते. जाग आली तेव्हा मेत्ता पलंगाखाली बैल ओढत होती.

तेवढ्यात चंपतराव आले. ले-आउटमध्ये खराखुरा शेतकरी आलाय हे त्यांना कळलं होतं. बाबांना म्हणाले, काका, आमच्याइथं सगळे नोकरीवाले, बँकवाले, उद्याचं तोरण तुमच्या हातून तोडू द्या, शान वाढेल कार्यक्रमाची. बाबांना दोन पोळ्यांची गोष्ट कुठं माहीत होती. ते खुलले. हो म्हणाले. सासूबाई आत भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. चंपतराव गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ दुपट्ट्याची घडी घालत बसले. शब्द देऊन बसलो नं बाई, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी गावाहून आणलेली पळसाची पानं काढली. वाटीत तूप मागितलं, हळद मागितली. मला वाटलं, कुठं खरचटलं असेल. तर ते व्हरांड्यात बैलासमोर मांडी घालून बसले आणि पळसाच्या पानानं त्या लाकडी खांद्यावर तूप-हळद चोळू लागले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावात असे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून सोललेला खांदा असतो, त्याला तेवढंच औषध. लाकडाच्या बैलाची खांदशेकणी कुणी करत नाही. गोठा रिकामा होता, हाताला सवय होती, तान्ह्या पोळ्याची ही आदली संध्याकाळ होती, म्हणून बाबांनी केली. मेत्ता बैलाच्या दुसऱ्या बाजूला बसून हळदीचं बोट चाटत होती. चोळून झालं तसं बाबा बैलाच्या कानाशी वाकले आणि गावी म्हणतात तसं म्हणाले,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सासूबाई दारात उभ्या होत्या. केव्हापासून, ते मला कळलं नाही. मला वाटलं आता हळदीवरून काही निघतं. पण त्या आल्या, खाली बसल्या, बैलाच्या खांद्यावर अंगठा फिरवला. नर्सचा अंगठा, सूज आहे का पाहणारा.

"इथं राहिलं पहा तुमचं. जू इथं घासते, मागच्या अंगाले."

बाबांनी पाहिलं. खरंच तिथं कोरडं होतं. तुम्हाले कसं माहीत, म्हणून त्यांनी विचारलं.

"माह्या बापानं जलमभर हेच केलं," सासूबाई म्हणाल्या. "काटोलकडं सालदार होता थो. मालकाचे बैल हा धुवे, खांदे हा शेके, हे आवतनही हाच दे. मी जाओ पाहाले. दुसऱ्या दिवशी बैलाले अंगणात पुरणपोळी, मालकीन हातानं चारे. आन माह्या बापाचं ताट कुंपनापाशी. वरून टाके, हात लागू नये म्हून."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दवाखान्यात पेशंटचा ताप सांगावा तसं त्यांनी सांगितलं. पानावरचं उरलेलं तूप त्यांनी त्या कोरड्या जागी लावलं.

"मी आरतीले काहून येत नाही, तुम्हाले वाटत असन बुढीले घमंड आहे. बैलावर राग नाही भाऊ माहा. बैलानं कोनाले बाहेर नाही बसवलं."

बाबांच्या हातातलं पान हातातच राहिलं. मी मेत्ताला उचलून आत नेलं, कारण तिथं बसून राहणं मला जमेना. आत डायनिंग टेबलावर आईनं दिलेला डबा होता, वरून फडकं बांधलेला, पुरणपोळीचा. त्या रात्री बाबांनी तो उघडला नाही. भूक नाही म्हणाले, आणि लवकर पडले.

सकाळी मी मेत्ताला दूध पाजून बाहेर आले तर समोरची खोली रिकामी. क्षणभर वाटलं, पहिल्या गाडीनं परत गेले. पण बाबा स्वयंपाकघरात होते. ओट्यासमोर, जमिनीवर, भिंतीला टेकून. समोर काही नाही, नुसते दोन्ही हात गुडघ्यांवर. सासूबाई कढीला फोडणी देत होत्या आणि बाबा मागं बसलेत हे दिसलंच नसावं इतक्या शांतपणे, पाठमोऱ्याच, कढी ढवळत होत्या.

शेवटी बाबाच म्हणाले, "आवतन तं कोनी देल्लं नाही. पन बसलो."

सासूबाईंनी गॅस बारीक केला. "पथ्याचं काय?"

"सुटलं."

"गोळाभात आहे. तिखट आहे."

"असू द्या."

त्यांनी ताट घेतलं. रोजचंच, आम्ही ज्यात जेवतो तेच स्टीलचं. भात, डाळीचे गोळे फोडून वर, त्यावर कढकढीत तेल, बाजूला कढी. ताट त्यांच्या समोर ठेवताना त्या खाली वाकल्या, दोन्ही हातांनी ठेवलं, आणि सरकवलं नाही. बाबांनी पहिला घास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं असावं, मी तसंच धरते. अर्धं ताट झाल्यावर, खाली बघतच, त्यांनी विचारलं,

"काटोलकडचे थे तुमचे वडील. नाव काय होतं त्यायचं?"

सासूबाईंना या घरात येऊन चाळीस वर्षं झाली असतील. धम्मानंदच्या आजोबांचं नाव मलाही तोवर माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

"दादाजी," त्या म्हणाल्या. मग पुरतं, "दादाजी रामटेके." आणि वळून त्यांनी आणखी एक गोळा वाढला, नको नको म्हणत असताना.

माफीबिफी कुणी मागितली नाही. संध्याकाळी कोण कुठं जाणार, हेही कुणी बोललं नाही. सासूबाई दुपारीच पांढरी साडी नेसून विहारात गेल्या, मुलांना अंगणात उभं करायला. जाताना मेत्ताला न्यायचं का विचारलं नाही. मला वाटतं, ते त्यांनी माझ्यावर सोडलं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं.

मी मेत्ताला घेऊन रस्त्यावर थांबले. अगदी मधोमध नाही, मधोमध दुधाची गाडी उभी होती, तिच्या बाजूला. एका हाताला विहाराचं फाटक, त्यातून बैलांची शिंगं दिसत होती, कागदी फुलं, एका बैलाला तर धम्मचक्राची पताका. दुसऱ्या हाताला मैदान. मंचावर आरती सुरू झाली. झांजा वाजल्या तशी मेत्ता टाळ्या वाजवू लागली, तिला काय, तिला आवाज आवडतो. वर चतुरांचे थवे, काचेच्या पंखांचे, दोन्ही बाजूंना सारखेच फिरत होते. पायाखाली दुपारचा रस्ता अजून गरम होता. मला पुन्हा त्या स्वप्नातल्यासारखं वाटू लागलं, की हे सगळं सरकतंय आणि मी तेवढी उभी आहे.

आरती संपली. मुलांनी मैदानात रांग धरली. चंपतरावांनी माइकवर बाबांचं नाव घेतलं, नरखेडचे प्रगतिशील शेतकरी वगैरे. बाबा उठले. धोतर नीट केलं, दुपट्टा डोक्याला गुंडाळला. तोरण मैदानाच्या फाटकावर बांधलं होतं, अगदी रस्त्याच्या कडेला. बाबांनी काठी हातात घेतली, तोरणाला लावली, आणि तशीच धरून उभे राहिले.

लोकांना वाटलं फोटोसाठी थांबलेत. फोटो झाले. बाबा तसेच. चंपतराव जवळ आले, हळूच म्हणाले, काका, तोडा ना, प्रोग्रामला उशीर होतोय.

"सगळे आले नाहीत," बाबा म्हणाले.

"सगळे म्हणजे? हे काय, आलेत ना."

बाबांनी काठी न हलवता मानेनं विहाराकडं दाखवलं. "पूजा ज्याची त्यानं घरी करा, नाही तं नका करू. आमच्याइकडं तोरणाखाली इचारत नाहीत. सगळे बैल उभे झाल्याशिवाय पोळा फुटत नाही."

चंपतराव वाईट माणूस नाहीत. मेत्ताला ताप आला होता तेव्हा त्यांनीच गाडी काढली होती. त्यांचा चेहरा उतरला, कारण समोर एवढी माणसं आणि हातात माइक. मागून कुणी बाई मोठ्यानं बोलली, त्यांचा आहे ना तिकडं वेगळा, मग आपली मुलं काहून ताटकळत ठेवता. दोघांतिघांनी हो हो केलं. एक मुलगा बैलावर बसला आणि बैल मोडला, तो रडू लागला. हात वर धरून धरून भरून आला तसा बाबांनी काठीला दुसराही हात लावला. मला ते दिसत होतं. मी मनात म्हणत होते, आता तोडतील. तोडावंच आता त्यांनी, म्हातारा माणूस, दुसऱ्याच्या गावात.

मी काही ठरवलं असं नाही. मी मेत्ताच्या हातात दोरी दिली आणि हात सोडला. ती मैदानाकडं गेली नाही आणि घराकडंही नाही. विहाराच्या फाटकाकडं गेली, कारण तिथं तिची आजी होती. बैल मागं खडखडत. मी तिच्या मागून गेले आणि फाटकात उभी राहून सासूबाईंना म्हणाले,

"आई, बाबा थांबले आहेत."

"दिसून राहिलं मले," त्या म्हणाल्या.

त्यांनी अंगणातल्या बायांकडं पाहिलं. प्रीती म्हणून आमच्या शेजारची, ती म्हणाली, मावशी, आपण तिकडं गेलो तर आपलंच हसं होईल, ते म्हणतील आले शेवटी. सासूबाई म्हणाल्या, म्हणू दे. पूजेला नाही बोलावलं शालिकरामभाऊंनी आपल्याला, तोरणाला बोलावलं. एवढा फरक मला कळतो. मग त्यांनी पदर खोचला आणि वॉर्डात राउंडला निघाव्यात तशा निघाल्या. मागून लेकरं, लेकरांमागून बैल, एक चाकाचे, दोन चाकांचे, एक नुसताच खोक्याचा. दुधाच्या गाडीवाल्यानं गाडी मागं घेतली.

मैदानात थोडा वेळ कुणालाच काय करावं कळेना. रांग सरळ आखली होती चुन्यानं, तिच्यात जागाच नव्हती. मग चंपतरावांची कामिनी, त्यांची बायको, पुढं झाली आणि आपल्या नातवाला म्हणाली, सरक रे तिकडं. तो सरकला. त्याच्या बाजूचाही सरकला. असं करत करत रांग वाकडी झाली, फाटकाच्या बाहेर गेली, रस्त्यावर आली. चुन्याची रेघ तेवढी सरळ राहिली, तिच्यावर कुणीच नव्हतं.

बाबांनी तोरण तोडलं. पोळा फुटला असं कुणी तरी ओरडलं आणि पोरं चारी बाजूंना उधळली.

पहिलं बक्षीस थर्माकोलच्या बैलाला मिळालं, लाइटवाल्या. मेत्ताला काही नाही. बाबा मंचाच्या पायरीवर बसून खांदा दाबत होते. चंपतराव सासूबाईंपाशी आले. त्यांना बोलायचं होतं आणि रागही आला होता, दोन्ही दिसत होतं.

"ताई, आधी सांगितलं असतं तर आरती सकाळी ठेवली असती आम्ही. एवढ्या लोकांसमोर हे..."

"आधी विचारलं असतं तं सांगितलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "मीटिंगले कधी बोलावलं का आम्हाले?"

"ग्रुपवर टाकतो ना सगळं."

"टाकता. विचारत नाही."

चंपतरावांनी मान खाजवली. गणपतीची मीटिंग येत्या रविवारी आहे, त्यात तुमचं काय काम, असं काहीसं ते पुटपुटले. सासूबाई म्हणाल्या, रस्ता बंद करता ना दहा दिवस, मग काम आहे. आणि रविवारी वंदना असते, ती झाल्यावर ठेवा, मी येते. चहा असतो का तुमच्या मीटिंगमध्ये? चंपतराव हसले नाहीत, पण असतो म्हणाले. रविवारचं काय होईल मला माहीत नाही. प्रीती अजूनही म्हणते, जायला नको होतं.

मेत्ता तोवर कामिनीकाकूंच्या दारात पोचली होती. बोजारा मागायचं तिला येत नव्हतं. ती नुसती उभी होती. बैल वाटेत आडवा पडला होता, दोरी ताणलेली. काकूंनी तिच्या मुठीत चॉकलेट दिलं. मेत्तानं ते पाहिलं, मग मागं वळून कुशीवर पडलेल्या बैलाकडं पाहिलं, आणि दुसरी मूठ पुढं केली.